अकरा वाजताची खरखर

मंगळवार, ४

ही वही बडबडीची, आमच्या पोरीची. रेडिओ स्टेशनात नोकरीला होती तेव्हा तिला तिथून मिळाली आणि कोरीच राहिली. ती गेल्याला चौदा महिने झाले, एवढ्या दिवसांत मी वहीला हात लावला नव्हता. आज लावला, कारण एक काम अंगावर घेतलंय आणि नोंद ठेवल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. पस्तीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग केलं, पंपाच्या, गिरणीच्या, लिफ्टच्या. प्रत्येक मोटारीचे वेढे लिहून ठेवले. लोक हसायचे. मोटार परत जळाली की तेच लोक वही बघायला यायचे.

आज मंडईत स्टेशनचे इंजिनिअर साहेब भेटले. म्हणाले, "काका, आपलं मीडियम वेव्ह बंद होतंय. एकतीस तारखेला दुपारी ट्रान्समीटर कायमचा बंद." मी म्हटलं, अरेरे. मला तसं काही वाटलं नव्हतं, पण म्हणायची रीत असते. मग ते म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात रोज अकराला जुने आवाज लावणार आहोत. सत्तावीसला, गुरुवारी, तुमच्या मुलीचं पहिलं बातमीपत्र आहे. जरूर ऐका."

हातातली पिशवी खाली ठेवावी लागली. एक प्रत मिळेल का विचारलं. ते म्हणाले, टेप मुख्य ऑफिसात जमा झालीय, तिथूनच लावणार, माझ्या हातात काही नाही. भला माणूस आहे, खोटं बोलत नसावा.

आता खरं ते लिहितो. पोरीने तीन वर्षं अकराची बातमी वाचली आणि मी एकदाही ऐकली नाही. नोकरी कंत्राटी. मी तिच्यासाठी वीज कार्यालयात शब्द टाकून ठेवला होता, ती गेली नाही. तो राग मी खरखरीवर काढायचो. आमच्या घरात रेडिओ लावला की नुसती खरखर. मी म्हणायचो, "यात काय ऐकायचं, डोंबल?" ती म्हणायची, "बाबा, खरखर स्टेशनची नाही, आपल्या घरातली आहे. अख्ख्या गावाच्या मोटारी बऱ्या करता, हे एवढं काढा ना शोधून." मी म्हणायचो, बघू.

तेवीस दिवस आहेत. हिला, तिच्या आईला, अजून सांगितलेलं नाही. खरखरीत पोरीचा आवाज अडकलेला हिने ऐकला तर हिचं काय होईल? आधी घर साफ करतो, मग सांगतो.

गुरुवार, ६

रेडिओ तिनेच पहिल्या पगारातून आणलेला, बातम्या वाचायला लागण्याआधी. भिंतीत लावायचा अडॅप्टर काढून फेकला, सेल घातले. निम्मं काम तिथेच झालं असं वाटलं. अकरा वाजता लावून बघितला. कोणीतरी तव्यावर काही परततंय आणि शेजारच्या खोलीत एक माणूस बातम्या देतोय, असा प्रकार.

मग एकेक वस्तू बंद करत गेलो आणि प्रत्येक वेळी कान लावला. एक कान गिरणीच्या मोटारींनी केव्हाच खाल्लाय, दुसऱ्यावर भागवतो. टीव्हीचा डबा बंद केला, फरक पडला. पंख्याचा गोल फिरवायचा रेग्युलेटर हा मोठा चोर निघाला. सर्वांत बेरकी स्वयंपाकघरातली नवी एलईडी ट्यूब. ती लावली की स्टेशनच गायब. तारेचा जुना पिवळा बल्ब माळ्यावरून काढून लावला. ही म्हणाली, "आता तांदळातला खडा दिसायचा कसा?" मी म्हटलं, सत्तावीसपर्यंत बिनखड्याचा भात कर. हिने का म्हणून विचारलं नाही. हल्ली काहीच विचारत नाही.

शनिवार, ८

कुठलाही शिकाऊसुद्धा पहिली गोष्ट करतो ती ही: घराचा मेन बंद करायचा, सेलवरचा रेडिओ लावायचा. खरखर गेली तर चोर घरात, राहिली तर बाहेर. आज स्टूल घेऊन मेनशी उभा राहिलो आणि हात वर केला तोच ही ओल्या हातांनी धावत आली. "मेन बंद करायचा नाही!"

मी बघतच राहिलो. चौतीस वर्षांत माझ्या कामात हिने कधी तोंड घातलं नाही. म्हटलं, पाच मिनिटं फक्त. तर म्हणे फ्रिजमधलं दूध नासेल. पाच मिनिटांत नासतं ते कसलं दूध? पण ही स्टूल धरून हलेचना. नाद सोडला. खाली उतरलो.

इन्व्हर्टरचंही तसंच. गेल्या वर्षी हट्टाने घ्यायला लावला. आयुष्यभर मेणबत्तीवर भागवलेली बाई, हिला अंधाराची भीती कधीपासून वाटायला लागली कोण जाणे. दर शनिवारी विचारते, "बॅटरीत पाणी घातलंत का?" पोरीची आठवण काढत नाही, बॅटरीची काढते.

मेन नाही तर नाही, खोली-खोलीने गेलो. पुढची खोली, स्वयंपाकघर, आमची खोली, सगळं बंद. राहिली बडबडीची खोली. दारापर्यंत गेलो. पाय उचलला गेला नाही. कशाला लपवू, नाहीच उचलला. ही म्हणाली, "थांबा तुम्ही. मी करते." आत गेली, दार लोटून घेतलं आणि आतून ओरडली, "केलं सगळं बंद!" मी रेडिओ लावला. खरखर होती तशीच.

म्हणजे चोर बाहेरचा आहे.

सोमवार, १०

आज कामाची नोंद नाही. मनातली लिहितो.

मला हिचा राग येतो. पोर गेली त्या दिवसापासून ही माझ्यासमोर एकदाही रडली नाही. नाव काढत नाही. बहीण बोलावून बोलावून थकली, ही घराबाहेर पाऊल टाकत नाही. विचारलं की गुडघे. गुडघ्यांना काय झालंय? स्टुलावर चढून जळमटं काढते! मोबाइल बिघडला म्हणाली, मी म्हटलं, दे इकडे, बघतो, तर म्हणे टाकून दिला. आता बहिणीशी बोलायचं तरी माझा बटणांचा डबडा फोन घेते, दोन वाक्यं बोलते, ठेवते.

रोज तीन वाजता ही पोरीच्या खोलीत जाते. आवराआवर, म्हणे. चौदा महिने काय आवरते? आतून पुटपुट ऐकू येते. एकटीने बोलायची सवय लागलीय. बाहेर येते तेव्हा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ, आणि चहा टाकते. माझा कप तसाच गार होतो. दगड झालीय बाई.

बुधवार, १२

एक जुनी युक्ती आठवली. रेडिओच्या आत काळी कांडी असते, तीच त्याचा कान. रेडिओ जागच्या जागी फिरवला की एका ठिकाणी खरखर मरते. कांडीचं टोक तेव्हा चोराकडे असतं.

पुढच्या खोलीत रेडिओ फिरवला, खरखर मेली तिथे थांबलो आणि त्या दिशेने फरशीवर शिलाईचा दोरा ताणला. मग स्वयंपाकघरातून तसाच दुसरा. दोन्ही दोरे बडबडीच्या खोलीच्या दाराखालून आत गेले. दारात वाकून पाहिलं तर पुढे सरळ कपाटाच्या रोखाने. कपाटामागे भिंत, भिंतीपलीकडे शिलाईवाल्या बाईंचं घर. खोलीत तर सगळं बंद आहे, हिने स्वतः केलंय. म्हणजे शिलाईवाल्या बाई. मोटारीवरची दोन मशीनं आहेत त्यांच्याकडे. सापडला चोर.

हिने दोरे बघितले. केरसुणी घेतली आणि दोन्ही गुंडाळून केरात टाकले. म्हणाली, "पायात येतात."

शुक्रवार, १४

नाचक्की झाली. लिहितो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

शिलाईवाल्या बाईंकडे गेलो आणि दारातच सुरू केलं, की तुमच्या मशीनमुळे आमचा रेडिओ ऐकू येत नाही. त्या सुईत दोरा ओवत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आत या काका, आधी बसा." मग उठल्या आणि मशीनं, इस्त्री, पंखा, फ्रिज, शेवटी स्वतःचा मेनसुद्धा बंद केला. वर म्हणाल्या, "जा, ऐकून या."

गेलो. ऐकलं. खरखर तशीच, उलट मला चिडवायला जरा जास्तच. परत येऊन दारातच उभा राहिलो. त्यांनी तोंडावरूनच ओळखलं. म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुम्ही स्वतःच्या घरचा मेन बंद करून पाहिलात का?" पस्तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला एक शिवणकाम करणारी बाई हे विचारते! बरं, उत्तर द्यावं तर काय? बायको करू देत नाही म्हणून?

निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाहुणी आलीय का कोणी? दुपारी भिंतीतून मुलीचं हसणं येतं." मी म्हटलं, नाही हो, ही एकटीच पुटपुटत असते. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "काकूंना जपा." मी म्हटलं, जपतोच की.

बुधवार, १९

पाच दिवस नुसती झटापट. वायरीतली खरखर शोषणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्या आणल्या, टीव्हीच्या, फ्रिजच्या, पंख्याच्या वायरींना सात-सात वेढे देऊन बसवल्या. वेढे घालताना बरं वाटलं, हात जुन्या कामाला लागले. खरखर थोडी उतरली. खिडकीतून बाहेर दहा हात तार सोडली. आणखी थोडी उतरली. पण खरखरीच्या खाली एक घुंई आहे, ती काही जात नाही. दिवसभर एकसारखी. तीन ते चारच्या मध्ये जरा जास्त होते, हे तीन दिवस लिहून ठेवलंय. त्या वेळी गावात कोणतं यंत्र चालतं ते शोधायला हवं.

इंजिनिअर साहेबांना फोन केला. म्हणाले, "काका, रेडिओ उचला आणि मैदानात नेऊन ऐका, घंटेसारखा आवाज येईल." मला कळत नाही का ते? पण ही घराबाहेर पडत नाही. मला एकट्याला ऐकायचं नाहीये. बडबडी म्हणाली होती, आपल्या घरातली खरखर काढा. आपल्या घरात, तिच्या आईच्या शेजारी बसून, तिच्या रेडिओवर ऐकायचंय. एवढं एक काम तिने मला सांगितलं होतं.

सोमवार, २४

आजपासून जुने आवाज सुरू झाले. कोणी एक म्हातारे गृहस्थ होते, शेतकी सल्ला द्यायचे. घुंईत त्यांचं निम्मं बुडालं. किडीवर काय फवारायचं ते कळलंच नाही.

तीन दिवस उरले. बाहेरचं यंत्र काही सापडलं नाही. शिलाईवाल्या बाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. मेन, मेन, मेन. हिला कळू न देता करायचं, दोन मिनिटांचं काम आहे. दूध नासलं तर मी दुसरं आणीन.

बुधवार, २६ (साडेअकरा)

सापडला! चोर घरातच आहे!

ही धुणं घेऊन आंघोळीला गेली आणि मी स्टुलावर चढलो. मेन खाली. इन्व्हर्टर चालू झाला, त्याचंही बटण दाबलं. घरात एकदम अशी शांतता, की माझ्या वाईट कानालाही ती ऐकू आली. रेडिओ लावला. आज एक बाई होत्या, जुन्या मुलाखती घ्यायच्या त्या. अहाहा. पान उलटल्याचा आवाज येत होता. बाई श्वास घ्यायच्या तो ऐकू येत होता. पोरी, तुझं बरोबर होतं. आपल्या घरातलीच होती. उद्याही अर्धा तास सगळं बंद ठेवायचं, बस. एवढं सोपं होतं, आणि मी तीन वर्षं बघू, बघू म्हणत राहिलो.

अर्धा तास ऐकत बसलो. ही बाहेर आली की आता सगळं सांगतो.

त्याच दिवशी, दुपार

कसं लिहू.

ही बाहेर आली, पंखा थांबलेला बघितला आणि ओल्या केसांनी पोरीच्या खोलीत धावली. मग एक आवाज आला. तो हिचा आहे हे मला कळायला वेळ लागला. चौदा महिने जे आलं नव्हतं ते सगळं त्यात होतं.

मी गेलो. या वेळी पाय अडला नाही. कपाटाचं दार उघडं, ही खाली बसलेली. हातात तिचा जुना मोबाइल, वायरीसकट. वायर कपाटाच्या पाठीतल्या भोकातून मागच्या सॉकेटला. टाकून दिलाच नव्हता. मी धावत जाऊन मेन चालू केला, इन्व्हर्टर चालू केला, सगळं चालू केलं. फोन काही उठला नाही.

बडबडी स्टेशनवर पोचली की आईला कळवायची. एरवी नुसतं 'पोचले' लिहायची. पण काही सांगायचं असलं की बोलून पाठवायची, हिला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून. तसे एकेचाळीस बोललेले निरोप त्या फोनमध्ये होते. ज्या सकाळी स्कूटरवरून गेली आणि पोचली नाही, त्या सकाळचा अर्थात नव्हता. फोनची बॅटरी गेल्यावर ही एकटीच दुकानात जाऊन आली होती. दुकानदाराने सांगितलं होतं, हा आता चार्जरवरच चालेल, वायर काढू नका, एकदा बंद पडला की परत उठेल असं समजू नका. म्हणून इन्व्हर्टर. म्हणून गुडघे. वीज गेली आणि आपण घरात नसलो तर, म्हणून तेव्हापासून ही घराबाहेर पडली नव्हती. रोज तीन वाजता ही पोरीला ऐकायची. आणि मी बाहेर बसून हिला दगड म्हणत होतो. वहीत लिहिलंय तसं, शाईने.

ती घुंई त्या चार्जरची होती.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ही म्हणाली, "तुम्ही म्हणाला असतात, दे इकडे, बघतो. आणि उघडला असतात."

मिक्सर असाच गेला. भिंतीवरचं घड्याळ असंच गेलं.

मग हिने फोन माझ्या हातात ठेवला. "घ्या. आता उघडा."

उघडला. आत बघून काही कळेना. माझे हात मोटारीच्या जाड तारेला सरावलेले. घेऊन तसाच दुकानात गेलो. दुकानातल्या माणसाने भिंग लावलं, यंत्र लावलं, दोन तास धडपडला. मग भिंग काढून म्हणाला, "काका, यात आता काही उरलेलं नाही." मी म्हटलं, पुन्हा बघा. त्याने बिचाऱ्याने पुन्हा बघितलं.

घरी येऊन हिला रेडिओचं सगळं सांगितलं, की उद्या अकराला बडबडी आहे, म्हणून हे सारं चाललं होतं. हिने ऐकून घेतलं. भांडी घासायला गेली आणि तीच ती पातेली पुन्हा पुन्हा घासत राहिली.

गुरुवार, २७

मी रेडिओ लावणार नव्हतो. टेबलावरून उचलून माळ्यावर टाकायला निघालो होतो. पावणेअकराला ही आली, माझ्या हातातून तो घेतला आणि टेबलावर ठेवला. मग स्वतः स्टुलावर चढली, मेन बंद केला, इन्व्हर्टर बंद केला. "आता कशासाठी चालू ठेवायचंय?" म्हणाली, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

अकरा वाजले. आणि ती आली.

"नमस्कार. सकाळचे अकरा वाजले आहेत. ऐका बातम्या." एवढी स्पष्ट, की मला वाटलं टेबलाच्या पलीकडे बसलीय. धरणातल्या पाण्याची पातळी, रस्त्याच्या कामामुळे बंद केलेला पूल, बाजारभाव, हवामान. एका ठिकाणी अडखळली, "क्षमस्व" म्हणाली आणि तेच वाक्य नीट वाचलं. पोर माझी. घरात कोणालाही क्षमस्व म्हणाली नसेल जन्मात. खरखर नाही, घुंई नाही, काही नाही. तुझं काम केलं गं पोरी, असं मी मोठ्याने म्हणालो. मग मला आवरेना. दहा मिनिटं होती ती.

संपल्यावर हिच्याकडे बघितलं. ही रेडिओकडे बघत बसली होती, डोळे कोरडे. म्हणाली, "छान वाचायची."

मी म्हटलं, आवाज किती स्वच्छ आला बघ.

"हो. पण ही ऑफिसातली ती आहे. सगळ्यांची." हिने रेडिओ बंद केला. "फोनमध्ये माझी होती."

मेन चालू करायला कोणी उठलं नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. इतकं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं.

सोमवार, ३१

दुपारी बारा वाजता स्टेशन बंद झालं. मी लावून ठेवला होता, काय करणार. निवेदक नमस्कार म्हणाला आणि मग नुसती हवा. खरखरसुद्धा नाही. काटा सगळीकडे फिरवून पाहिला.

ही आज तीन वाजता पोरीच्या खोलीत गेली नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली. मी गेलो आणि विचारलं, कारण आता न विचारून तरी काय राखायचं होतं. म्हटलं, "काय म्हणायची गं ती? त्या निरोपांत?"

मला वाटलं, चिडेल. माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "आई, पोचले गं. छत्री घरीच राहिली. पण ऊन पडलंय, तू उगाच ओरडू नकोस. आणि ते डाव्या कप्प्यातलं औषध घे. घेतलंस का? नाही घेतलंस. घे." मध्येच हसली, जिथे ती हसली असेल तिथे. 'घेतलंस का' म्हणताना आवाज शेवटी वर नेला, अगदी बडबडी.

एकेचाळीस पाठ आहेत हिला. श्वासासकट. म्हणाली, रोज एक सांगेन, एकदम सगळे नाही. मी म्हटलं, लिहून घेऊ का? म्हणाली, "लिहा. पण सुधारू नका काही."

शनिवार, ५

पाच झाले. वेळ तीनची नाही, अकराची ठरलीय. कोणी ठरवली ते आठवत नाही. काल आम्ही कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन आलो, तिथे हिने एक सांगितला. शिलाईवाल्या बाईंनी हिला रस्त्यात बघितलं आणि दारातून बाहेर येऊन हात धरला.

आज अकराला मी वही घेऊन बसलो. ही म्हणाली, "आज तुमचा सांगते. मागे ठेवला होता, सांगू की नको असं होत होतं. अगदी पहिल्या बातमीच्या दिवसाचा." मी म्हटलं, सांग. मग हिने सांगितला, तो असा:

"आई, पोचले. ऐक ना, आज अकराची बातमी मी वाचणार आहे, मी! हात गार पडलेत. बाबांना सांगू नकोस हं, ते म्हणतील खरखर आहे. तू रेडिओ नुसता लावून ठेव आणि तुझ्या कामाला लाग. त्यांच्या कानावर पडलं तर पडलं."

लिहून झाल्यावर मी विचारलं, "मग? लावला होतास?"

"लावला होता," ही म्हणाली. "तिने नमस्कार म्हटलं तेवढ्यात तुम्ही आलात आणि बंद केलात. म्हणालात, ही खरखर ऐकवत नाही."

मला ते आठवत नाही. किती आठवून पाहिलं. हिने तेही लिहा म्हटलं, म्हणून लिहिलं.